६०६१ सोडून २०२४, ७०७५, ७०५० कापायला घेताना: मिलिंगमध्ये नेमकं काय बदलतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंधेरीच्या एमआयडीसीत तुमचा गाळा आहे, तीन अक्षांचं व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन) आहे, स्पिंडल बारा हजार आरपीएमचं. आजवर अॅल्युमिनियम म्हणजे ६०६१ एवढंच केलंत. आता विमानाच्या सुट्या भागांची चौकशी आली आहे आणि ड्रॉइंगांवर २०२४-टी३५१, ७०७५-टी७३५१ आणि ७०५०-टी७४५१ लिहिलंय. (पहिला आकडा मिश्रधातूचा; ‘टी’ आणि पुढचे आकडे म्हणजे टेम्पर, मालावर कोणती प्रक्रिया झाली ते.) यात मिलिंगला सोपं कोणतं, ६०६१ पेक्षा वेळ किती जास्त धरायचा आणि कटर वेगळे लागतील का, असं तुम्ही विचारलंय.

सरळ उत्तर आधी देतो. नुसतं कापायचं म्हटलं तर हे तिन्ही ६०६१ पेक्षा सोपे आहेत. ७०७५ आणि ७०५० सगळ्यांत स्वच्छ कापतात, त्यांच्या जरा मागे २०२४, आणि ६०६१ सर्वांत चिकट. म्हणजे जे कापायला अवघड मटेरियल तुम्ही रोज करता आहात त्यावरच तुमचा हात बसलाय. अमेरिकेच्या अॅल्युमिनियम असोसिएशनच्या कापण्याच्या सोपेपणाच्या श्रेणी ए पासून ई पर्यंत उतरत जातात. त्यात २०२४-टी३ आणि ७०७५-टी६ दोन्ही ‘बी’मध्ये येतात आणि ६०६१-टी६ ‘सी’मध्ये.

पण या उत्तरावर कोटेशन बसवू नका. कारण हिशोबातच दिसतं. समजा ४०० बाय २०० बाय ५० मिमीची प्लेट घेतलीत. ती चार हजार घन सेंमी, ७०७५ ची असेल तर साधारण सव्वाअकरा किलो. त्यातून एक किलोचा भाग निघणार आहे, म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त मटेरियल चिप होऊन पडणार. विमानाच्या भागांत हे प्रमाण नेहमीचंच. १६ मिमीचा तीन धारांचा कटर, बारा हजार आरपीएम, दर धारेला ०.१ मिमी फीड, रुंदीला ८ मिमी आणि खोलीला १० मिमी कट घेतला तर मिनिटाला २८८ घन सेंमी माल निघतो. अॅल्युमिनियममध्ये एक किलोवॅटला मिनिटाला ७५ घन सेंमीच्या आसपास माल निघतो असं धरा, म्हणजे धारेवर चार किलोवॅटच्या आत काम होतं. तुमच्या मशीनला ते जड नाही. या हिशोबाने सगळं रफिंग, म्हणजे ढोबळ कापणं, तेरा मिनिटांत संपतं. एक मिश्रधातू दुसऱ्यापेक्षा दहा टक्के लवकर कापला गेला तरी तुमचा वाचणारा वेळ मिनिटभराचा.

बाकीचे तास जातात ते जॉब उलटण्यात, परत पकडण्यात, पातळ भिंती फिनिश करण्यात, बर (कडेला उभा राहणारा खरखरीत काठ) काढण्यात आणि मोजण्यात. आणि सगळ्यांत जास्त जातात ते जॉब वाकला तर. म्हणून ‘कोणता मिश्रधातू’ या प्रश्नाइतकाच, खरं तर त्याहून जास्त, ‘टी’च्या पुढे काय लिहिलंय हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याकडे येतोच, पण आधी कापण्याचं संपवतो.

६०६१-टी६ ची ब्रिनेल कठीणता साधारण ९५, २०२४-टी३ ची १२०, ७०५०-टी७४५१ ची १४० आणि ७०७५-टी६ ची १५०. नवीन माणूस हे आकडे पाहून घाबरतो, कारण स्टीलमध्ये कठीणता वाढली की टूल लवकर जातं. अॅल्युमिनियममध्ये कार्बाइडला ही कठीणता काहीच नाही. इथला शत्रू वेगळा आहे: माल धारेला चिकटणं. मऊ माल धारेवर दाबला जातो, तिथे त्याचा थर चढतो, थर थोडा वाढला की तुटून जॉबवर ओढला जातो, आणि मग पृष्ठभागावर त्या बारीक खपल्या आणि ओरखडे दिसतात. माल जितका मऊ आणि ताणाला लवचीक, तितका हा त्रास जास्त. ७०७५ कमी ताणतो आणि लवकर फाटतो, त्यामुळे चिप सुटसुटीत पडते, कडेला बर बारीक राहते आणि फिनिश एका पासमध्ये चकचकीत मिळतं. पहिल्यांदा कापाल तेव्हा आवाजच वेगळा वाटेल: ६०६१ चा घासल्यासारखा, ७०७५ चा कोरडा, खणखणीत.

२०२४ मध्ये एक बारकावा आहे. ७०७५-टी६ वाकायला लागतो साधारण ५०५ मेगापास्कलला आणि तुटतो ५७० ला, म्हणजे मधली जागा थोडी. २०२४-टी३५१ वाकायला लागतो ३२५ च्या आसपास आणि तुटतो ४७० ला. ही मधली जागा मोठी आहे, म्हणजे हा माल दाबला की तिथल्या तिथे घट्ट होत जातो. त्यामुळे बोथट कटर २०२४ मध्ये लगेच कळतो: भिंतीच्या वरच्या कडेला चिवट बर उभी राहते आणि ती हाताने काढायला ७०७५ पेक्षा दुप्पट जीव जातो. धार कोरी असेल तर दोघांत फारसा फरक जाणवत नाही. माझ्या गाळ्यात २०२४ च्या फिनिशिंगचे कटर वेगळे ठेवतो आणि त्यांच्याकडून रफिंग कधीच करून घेत नाही.

२०२४ पत्र्याच्या किंवा पातळ प्लेटच्या रूपात आला तर तो अल्क्लॅड आहे का ते बघा. अल्क्लॅड म्हणजे दोन्ही अंगांना जवळजवळ शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर, गंजापासून बचावासाठी. तो थर लोण्यासारखा मऊ असतो आणि पहिल्या पासला कटर भरून टाकतो. लोक मग २०२४ ला नावं ठेवतात, दोष असतो वरच्या थराचा.

७०५० बद्दल फार सांगण्यासारखं नाही. हाताला तो ७०७५ सारखाच लागतो. टी७३ आणि टी७४ या अवस्थांत उष्णता देऊन माल मुद्दाम थोडा जास्त पिकवलेला असतो, त्यामुळे टी६ पेक्षा किंचित मऊ मिळतो. ताकद दहा-पंधरा टक्के सोडून त्या बदल्यात ताणाखाली गंजून तडकण्यापासून बचाव घेतलेला असतो. मिलिंगमध्ये हा फरक जवळपास कळतच नाही. ७०५० ची खरी किंमत जाड प्लेटमध्ये आहे.

आता टेम्परकडे येतो.

अॅल्युमिनियमचे हे मिश्रधातू आपली ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून मिळवतात. जर्मनीत आल्फ्रेड विल्म याला १९०६ च्या सुमारास आढळलं की तांबं आणि मॅग्नेशियम घातलेला अॅल्युमिनियम तापवून पाण्यात विझवला की काही दिवसांत आपोआप घट्ट होतो. त्यातूनच ड्युरालुमिन आलं. २०२४ चं टी३५१ हे आजही तसंच, खोलीच्या तापमानाला पिकलेलं. पण विझवताना काय होतं ते मिलिंग करणाऱ्याने मनात पक्कं बसवायला हवं. जाड प्लेट पाण्यात जाते तेव्हा पृष्ठभाग आधी थंड होऊन आकसतो, आतला गाभा नंतर. शेवटी पृष्ठभाग दाबलेला राहतो आणि गाभा ताणलेला. बाहेरून प्लेट सपाट, शांत दिसते. आत मात्र ही रस्सीखेच चालू असते. तुम्ही एका बाजूने खिसे कोरायला लागता तेव्हा त्या रस्सीखेचीतला एक गडी बाहेर काढता.

म्हणून कारखान्यात विझवल्यावर प्लेट दोन्ही टोकांना धरून दीड ते तीन टक्के ओढतात. या ओढीने आतले ताण बरेचसे विरतात. टेम्परच्या शेवटी येणारं ‘५१’ हेच सांगतं: टी६५१, टी७३५१, टी७४५१, टी३५१. साच्यातून दाबून काढलेल्या (एक्स्ट्रूड केलेल्या) बारला याचं भावंड म्हणजे टी६५१०, टी६५११. नुसतं टी६ लिहिलेला माल ओढलेला नसतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. साकीनाक्याला माझा पहिला गाळा होता तेव्हा ७०७५ च्या रिबचं, म्हणजे आधाराच्या फासळीचं, काम आलं होतं, साडेचारशे मिमी लांब, एका बाजूने खिसे, तळ अडीच मिमीचा. ड्रॉइंगवर टी६५१ होतं. बाजारात टी६ चा बार पटकन मिळाला, रासायनिक घटक तेच, कठीणता तीच, आणि मी ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून घेतला. पहिला पीस क्लॅम्पमध्ये असताना डायल लावलं तर दोन शतांशाच्या (शतांश म्हणजे ०.०१ मिमी) आत सपाट. मी खूश. क्लॅम्प सैल केला आणि दोन्ही टोकं माझ्या डोळ्यांदेखत दीड मिलिमीटर वर उचलली गेली. आठ पीसचा माल आणून ठेवला होता, आठही गेले. पार्टीला मुदत मागावी लागली. माल परत आणला टी६५१ चा, त्याच प्रोग्रामने, त्याच कटरने केला, आणि बाक पंधरा शतांशांवर आला. तेवढा मग पद्धत बदलून काढता आला. मिश्रधातू तोच होता. कापण्याच्या सोपेपणात काडीचा फरक नव्हता. फरक त्या दोन आकड्यांचा होता.

ओढलेली प्लेटही पूर्ण शांत नसते, हे लक्षात ठेवा. त्यातही थोडा ताण उरतो आणि तो जाडीभर सारखा नसतो. म्हणून शक्य तिथे भाग प्लेटच्या जाडीच्या मधोमध बसवा, वरून आणि खालून सारखा माल काढा. प्लेट ६० ची आणि भाग ५० चा असेल तर दोन्ही अंगांनी पाच-पाच घ्या. एका अंगाने दहा घेऊ नका. मुलं वेळ वाचवायला एका बाजूने फक्त साफ करून दुसऱ्या बाजूने सगळं काढतात, आणि तिथेच बाक शिरतो.

इथेच ७०५० चं महत्त्व कळतं. ७०७५ मध्ये क्रोमियम असतं, आणि त्यामुळे हा माल विझवण्याच्या वेगाला फार संवेदनशील असतो. जाड प्लेटच्या मध्यभागी पुरेसं भराभर थंड होत नाही आणि तिथली ताकद पडते. भरून काढायला जास्त जोरात विझवावं, तर ताण वाढतात. ७०५० मध्ये क्रोमियमच्या जागी झिर्कोनियम आहे. तो सावकाश विझवला तरी आतपर्यंत ताकद धरतो. म्हणून दीडशे-दोनशे मिमी जाडीच्या प्लेटमधून एकसंध कोरलेले मोठे बल्कहेड (विमानाच्या धडातल्या आडव्या भिंती) आणि रिब ७०५०-टी७४५१ मधून करतात. तुमच्या ड्रॉइंगमध्ये ७०५० आहे तो भाग बहुतेक जाडच असेल. तो तुम्हाला ७०७५ पेक्षा कमी छळेल.

रफिंगची पद्धत मी अशी ठेवतो. आधी दोन्ही पृष्ठभाग हलक्या हाताने सपाट. मग एका बाजूचं रफिंग, सगळीकडे तीन मिमी सोडून. उलटायचं, दुसऱ्या बाजूचं रफिंग, पुन्हा तीन सोडून. मग जॉब पूर्ण मोकळा करून बाजूला ठेवायचा, निदान रात्रभर. सकाळी सरफेस प्लेटवर ठेवून फीलर गेज सरकवून बघायचं, किती वाकलाय. तो वाक क्लॅम्पने दाबून सरळ करायचा नाही. जिथे पोकळी आहे तिथे शिम (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) देऊन, आहे त्या आकारात आधार द्यायचा आणि मग एक बाजू साफ करून नवी बैठक तयार करायची. त्या बैठकीवर फिनिशिंग. दाबून सरळ केलेला जॉब मशीनवर सरळ दिसतो आणि काढला की मूळ वाकावर परत जातो. हे आमच्याकडच्या प्रत्येक नव्या मुलाला मी स्वतः डायल लावून दाखवतो, नुसतं सांगून पटत नाही. कोटेशनमध्ये ही जादा उलटापालट धरा. ६०६१ च्या साध्या ब्रॅकेटला दोन सेटिंगमध्ये भागतं; यांना चार धरली तर चुकणार नाही.

पातळ भिंतींबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. ७०७५ ताकदवान आहे म्हणून त्याची भिंत कमी दबेल असं लोकांना वाटतं. भिंत कटरपुढे किती झुकेल हे ताकदीवर ठरत नाही, मालाच्या ताठपणावर ठरतं. तो आकडा ६०६१ चा साधारण ६९ गिगापास्कल, ७०७५ चा ७२ च्या जवळ, २०२४ चा ७३. म्हणजे जवळपास सारखाच. भिंतीची जाडी निम्मी केली की ताठपणा आठवा हिस्सा होतो. मिश्रधातू बदलून मिळतो तो चार ते सहा टक्के. उंची जाडीच्या पंधरापटीच्या आत असेल तर नेहमीसारखं काम करा. पंधरा ते तीस पटींत भिंतीच्या दोन्ही बाजू आळीपाळीने टप्प्याटप्प्याने उतरवत या, म्हणजे खालचा जाड भाग वरच्याला आधार देत राहील. तीसच्या पुढे आधार भरावा लागतो किंवा भागाचा क्रमच वेगळा आखावा लागतो, आणि अशा भागाला पहिला पीस वाया जाईल हे धरूनच माल मागवा.

तळ आणि भिंती दोन मिमीच्या खाली गेल्या की आणखी एक गोष्ट डोकं वर काढते: कटरनेच पृष्ठभागावर केलेला ताण. बोथट धार पृष्ठभागाचा वरचा पातळ थर दाबते आणि पातळ तळ त्याच्या जोरावर वाकतो. प्लेट कितीही चांगली असो. यावर उपाय एकच, फिनिशिंगला कोरा कटर.

तर कटर. यांच्यासाठी वेगळा कारखाना उभारायची गरज नाही. ६०६१ साठी चांगले कटर वापरत असाल तर तेच. दोन किंवा तीन धारा, चाळीस-पंचेचाळीस अंशांचा पीळ, आरशासारखी पॉलिश केलेली खाच. कोटिंग नको, किंवा घ्यायचंच तर डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनचा थर), झिर्कोनियम नायट्राइड किंवा टायटॅनियम डायबोराइड. स्टीलचे काळसर-जांभळे कटर, ज्यांवर टायटॅनियम-अॅल्युमिनियम नायट्राइड असतं, ते यात घालू नका. त्या कोटिंगमध्ये अॅल्युमिनियमच आहे, माल त्याला चिकटतो. नागदेवी स्ट्रीटला कोणी ‘सगळ्याला चालतो’ म्हणून तो पुढे केला तरी परत ठेवा.

वेगाच्या बाबतीत तुमची मर्यादा मटेरियल नाही, स्पिंडल आहे. बारा हजारला १६ मिमीचा कटर मिनिटाला ६०० मीटर धावतो, १२ मिमीचा ४५० आणि ६ मिमीचा जेमतेम २२६. कार्बाइडला अॅल्युमिनियममध्ये हजार-दोन हजार मीटरही चालतं, कारण माल साधारण ५०० ते ६५० अंशांच्या दरम्यान वितळतो आणि त्यापलीकडे धारेचं तापमान जाऊच शकत नाही. त्यामुळे तुमच्या मशीनवर अॅल्युमिनियमसाठी नेहमी पूर्ण आरपीएम. यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. मिश्रधातूंमधला फरक कमी वेगाला ठळक दिसतो, कारण चिकटण्याचा त्रास तिथे जास्त. मोठ्या कटरने रफिंग करताना ६०६१ आणि ७०७५ जवळजवळ जुळे वाटतील. सहा किंवा चारच्या कटरने कोपरे काढताना मात्र ७०७५ साफ निघेल आणि ६०६१ तिथेच चिकटेल.

छोट्या कटरला फीड कमी करण्याची सवयही सोडा. रुंदीला कटरच्या व्यासाचा दहावा भागच घेत असाल तर चिपची खरी जाडी फीडच्या साठ टक्केच राहते. दर धारेला ०.०५ दिलंत तर प्रत्यक्षात ०.०३ कापताय, म्हणजे कापण्यापेक्षा घासताय. २०२४ घासला की घट्ट होतो, हे वर सांगितलंच. अशा ठिकाणी फीड दीडपटीच्या पुढे न्या. आणि कोलेटमधला रनआउट (फिरताना कटर मध्यापासून किती हलतो ते) मोजा: ०.०५ च्या फीडला एक शतांश रनआउट म्हणजे एका धारेवर वीस टक्के जादा भार.

चॅटर, म्हणजे कापताना थरथर, आला तर फीड कमी करण्याआधी आरपीएम हलवा. तीन धारांचा कटर बारा हजारला सेकंदाला ६०० वेळा टोचतो. तो आकडा टूल आणि होल्डरच्या स्वतःच्या कंपनाशी कसा जुळतो यावर चॅटर ठरतो, आणि कधी कधी अकरा हजार चारशेला तोच कट शांत होतो. कटर जितका आत धरता येईल तितका धरा. यात मिश्रधातूचा काही हात नाही.

मुंबईतल्या गाळ्यात काम करणाऱ्याने तापमानाचा हिशोब ठेवलाच पाहिजे, आणि ६०६१ च्या ढोबळ कामात तुम्हाला त्याची सवय लागली नसेल. हे सगळे मिश्रधातू मीटरला दर अंशामागे साधारण २३.५ मायक्रॉन वाढतात, स्टीलच्या दुप्पट. मे महिन्यात गाळ्यात ३४ अंश असताना ४०० मिमीचं माप घेतलंत आणि पार्टीने तो भाग २० अंशांच्या सीएमएम (मापन यंत्राच्या) खोलीत मोजला तर १३ शतांशांचा फरक पडतो. स्टीलच्या व्हर्नियरने मोजलंत तर व्हर्नियरही वाढलेला असतो, म्हणून फरक सात शतांशांच्या आसपास. ड्रॉइंगवर भोकांच्या अंतराला पाच शतांशांची सूट असेल तर भाग तिथेच नाकारला जाईल आणि तुमच्या लेखी तो बरोबर असेल. वातानुकूलित खोली लगेच परवडणार नसेल तर निदान शेवटची मापं पहाटेच्या पाळीत घ्या. जॉबवर, मशीनच्या टेबलावर आणि कूलंटच्या टाकीत तापमापक लावून हिशोब करून माप द्या. कूलंट दिवसभरात तापतो, आणि जॉब कूलंटच्या तापमानाला असतो, हवेच्या नाही.

कूलंटचंच पुढे. पालिकेचं पाणी तलावांचं, मऊ. त्यात इमल्शनला फेस फार येतो, आणि जोरात मारलात तर टाकी उतू जाते. टँकरचं बोअरचं पाणी कडक असतं, त्यात तेल फुटून साय येते. कमी फेसाचं, अॅल्युमिनियमसाठीचं तेल घ्या, आठ ते दहा टक्क्यांवर ठेवा, रिफ्रॅक्टोमीटरने (तेलाचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाने) रोज बघा, आणि पीएच ९ च्या फार वर जाऊ देऊ नका. ६०६१ हे दुर्लक्ष सहन करतो. २०२४ आणि ७०७५ करत नाहीत, कारण त्यांत तांबं आहे. २०२४ मध्ये तर चार टक्क्यांच्या आसपास. पीएच चढला की हे दोघं काळे डाग धरतात. शनिवारी संध्याकाळी फिनिश झालेला जॉब ओलाच मशीनवर सोडला आणि सोमवारी आलात, तर जुलैच्या हवेत त्यावर डागच नाही, टोचल्यासारखे खड्डे दिसू शकतात. विमानाच्या भागावर तो खड्डा म्हणजे भंगार. काम संपलं की धुवायचं, फुंकून कोरडं करायचं, गंजरोधक तेल लावायचं, मग घरी जायचं. कच्च्या प्लेटही एकमेकींना चिकटवून रचू नका. दोन प्लेटच्या फटीत दमट हवेचं पाणी धरलं की पांढरे-राखाडी डाग पडतात आणि पातळ प्लेट असेल तर ते साफ करण्याइतका माल वर नसतो. मधे कोरड्या लाकडी पट्ट्या घाला.

उद्या काम वाढलं तर आणखी काही नावं समोर येतील. २२१९ मध्ये सहा टक्क्यांच्या वर तांबं असतं. तो वेल्डिंगसाठी आहे, इस्रोच्या क्रायोजेनिक टाक्यांत वापरला जातो, आणि मिलिंगला २०२४ च्या वळणाचाच आहे. लिथियमचे मिश्रधातू, २०५० किंवा २१९५ सारखे, दर टक्का लिथियममागे साधारण तीन टक्के हलके आणि सहा टक्के ताठ होतात. कापायला ते २०२४ पेक्षा फार वेगळे नाहीत, पण त्यांच्या चिप्स दुसऱ्या कुठल्याही अॅल्युमिनियममध्ये मिसळू द्यायच्या नाहीत. ए३५७ सारखं ओतीव आलं तर मात्र हिशोब पूर्ण बदलतो. त्यात सात टक्के सिलिकॉन आहे, सिलिकॉनचे कण धार घासून खातात, आणि ‘अॅल्युमिनियममध्ये कटर टिकतो’ हा सगळा अनुभव तिथे कामाचा राहत नाही.

शेवटी माल घेण्याबद्दल, कारण मला फटका तिथेच बसला होता. किका स्ट्रीट, गुलालवाडी भागात ७०७५ कटपीसमध्ये मिळतो आणि भावही बरा असतो. तो फिक्सचरला घ्या. विमानाच्या भागाला मूळ गिरणीचं टीसी (टेस्ट सर्टिफिकेट), त्यावरचा हीट नंबर (माल कोणत्या ओतीतला ते सांगणारा) आणि प्लेटवर छापलेला नंबर जुळत असेल तरच. प्लेट कापताना ज्या तुकड्यावर छाप येत नाही त्यावर आधी पंचाने नंबर मारा, मग करवत चालवा. रोलिंगची दिशाही बाणाने लिहून ठेवा, कारण ड्रॉइंगवर दाण्याची दिशा दिलेली असते आणि तुकडा कापल्यावर ती नजरेला ओळखू येत नाही.

टीसीवर शंका आली तर कठीणतेवर एकट्यावर विसंबू नका. ७०७५ चा टी६ आणि टी७३ कठीणतेत जवळजवळ आहेत, पण वीजवाहकतेत स्पष्ट वेगळे: टी६ साधारण ३३ टक्के आयएसीएस (प्रमाण तांब्याच्या वाहकतेच्या तुलनेत), टी७३ ला ३८ च्या वर असायलाच हवं. २०२४-टी३ तीसच्या आसपास आणि ६०६१-टी६ त्रेचाळीसच्या. हातात मावणारं एडी करंटचं मीटर मिळतं, एका मिनिटात आकडा देतं. फक्त ते टी६५१ आणि टी६ मधला फरक सांगू शकत नाही, कारण ओढल्याने वाहकता बदलत नाही. तो फरक कागदावरूनच कळतो किंवा क्लॅम्प सैल केल्यावर.

चिप्सचे ड्रमही पहिल्या दिवसापासून वेगळे करा, ६०६१ चा एक, २०२४ चा एक, ७०७५-७०५० चा एक. नव्वद टक्के माल त्या ड्रममध्ये जाणार आहे. मिसळलेल्या चिप्सना भंगारवाला सगळ्यांत खालचा भाव लावतो, वेगळ्या आणि कोरड्या चिप्सना बरा देतो, आणि जाड प्लेटच्या कामात हा पैसा कोटेशनमध्ये धरण्याइतका असतो. आधी २०२४ चा एखादा छोटा ब्रॅकेट करा, मग ७०५० चा जाड भाग, आणि ७०७५ ची लांब पातळ रिब सगळ्यांत शेवटी घ्या. पहिल्या पीसचा बाक प्रत्येक टप्प्याला मोजून वहीत लिहा. त्याच जाडीच्या, त्याच टेम्परच्या पुढच्या प्लेटला किती मिमी सोडायचे, हे तुम्हाला त्या वहीतून कळेल.